वाचकांचे प्रश्न : सायकस, डाळिंब आणि निळी फुलपाखरं

प्रश्न : दारातल्या सायकसला नवी पालवी फुटली की आठवडाभरात पाती खरवडल्यासारखी होऊन वाळतात. आसपास छोटी निळी फुलपाखरं घुटमळतात. औषध कोणतं मारू? (पुणे)

उत्तर : हा प्लेन्स क्युपिडचा उद्योग. लायसेनिडी कुळातलं हे नखाएवढं फुलपाखरू. मादी चकतीसारखी फिकट, बारीक अंडी घालते ती कोवळ्या, अजून गुंडाळलेल्या पात्यांवरच. दोन-तीन दिवसांत अळी निघते, आठ-दहा दिवस खाते, मग साधारण आठवडाभर कोष. सगळं चक्र जेमतेम तीन आठवड्यांचं. अळी चपटी, डोकं अंगाखाली दडवलेली, रंगाने हिरवी किंवा लालसर-जांभळी, त्यामुळे पालवीत चटकन दिसत नाही.

सायकसची नवी पानं एकदमच फुटतात आणि कडक झाली की अळीला चावता येत नाहीत. तेवढे दिवस सांभाळले की झालं. मधोमध लवदार कोंब वर येताना दिसला की त्याच दिवशी मच्छरदाणीची जाळी सैलसर टाका, पानं उलगडायला जागा ठेवा आणि खाली बुंध्याला सुतळीने बांधा. तीन-चार आठवड्यांनी पातं बोटाने वाकवून पाहा. ताठ लागलं की जाळी काढा.

बहुतेकांचं चुकतं ते उशिरामुळे. अंडी आधीच पडलेली असली तर अळ्या जाळीच्या आत निवांत चरतात, आणि त्यांना खाणारे पक्षी व गांधीलमाश्या बाहेर राहतात. म्हणून आधी भिंगाने पात्यांची गुंडाळी तपासा, अंडी मऊ ब्रशने झाडा. अळ्या लागल्याच असतील तर बीटी जिवाणूंचं औषध पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी फवारा. ते अळीच्या पोटात गेलं तरच लागू पडतं आणि उन्हात लवकर निकामी होतं. सकाळी दहाला फवारून 'गुण आला नाही' म्हणण्यात अर्थ नाही. अर्धवट खाल्लेली पानं छाटायची घाईही नको. पुढची पालवी येईपर्यंत झाड उरल्यासुरल्या हिरव्यावरच जगतं.

प्रश्न : याच अळ्यांवर मुंग्या चढलेल्या असतात. त्या अळ्या खात असतील तर राहू द्याव्यात का? (ठाणे)

उत्तर : खात नाहीत, राखण करतात. अळीच्या पोटाच्या सातव्या खंडावर, पाठीकडून, एक ग्रंथी असते. मुंगी मिशांनी तिथे थोपटते, गोड थेंब बाहेर येतो, तो ती चाटते. बदल्यात अळीत अंडी घालायला आलेल्या परजीवी माश्यांना ती हुसकावते. मुंग्यांची पावडर टाकली तर मुंग्या जातील, अळ्या तिथेच राहतील. त्यापेक्षा मुंग्यांची रांग कोणत्या पानावर चढते ते पाहा. अळ्या तिथेच सापडतात.

प्रश्न : डाळिंबाला भोक पडतं, विष्ठा बाहेर येते, घाण वास सुटतो. फवारण्या करूनही थांबत नाही. (सांगोला)

उत्तर : ही सुरसा, म्हणजे फळ पोखरणारी अळी, फुलपाखरू याच लायसेनिडी कुळातलं. मादी फुलावर किंवा कोवळ्या फळावर एकेक सुटं अंडं घालते. अळी निघताच आत शिरते आणि पार्श्वभागाच्या चपट्या टोकाने भोक बुजवून बसते. मग वरचं औषध तिच्यापर्यंत पोहोचणार कसं? त्याच भोकातून बुरशी शिरते, फळ सडून गळतं.

फळ लिंबाएवढं झालं की बटरपेपरच्या पिशव्या चढवा, तोंड देठाशी घट्ट बांधा. त्याआधीच भोक पडलेलं फळ पिशवीत घालू नका. किडकी फळं झाडाखाली टाकून ठेवणं सगळ्यात महागात पडतं, कारण कोष बहुधा फळातच होतो आणि पुढची पिढी तिथूनच उडते. ती गोळा करून खोल पुरा. बांधावरच्या पेरू-चिंचेवरही हीच अळी पोसली जाते, तिथली फळंही बघत जा.

प्रश्न : जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांत एक पिठूळ, चपटी अळी फिरते. मारू का? (पणजी)

उत्तर : मुळीच नको. ती बहुतेक एपफ्लाय या फुलपाखराची असणार. लायसेनिडी कुळातलीच ही अळी पानं खात नाही, पिठ्या ढेकूणच खाते. जवळपास वानराच्या तोंडासारखा दिसणारा चार-पाच मिलिमीटरचा कोष सापडला तर खात्रीच समजा. अंगावर लांब पांढऱ्या झिरमिळ्या असतील तर मात्र ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी, तीही ढेकूणच खाते. दोहोंपैकी कोणीही असलं तरी त्या फांदीवर फवारणी करू नका.