जुनी गाडी घेताय? इंजिन गार असतानाच बघा

गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या, कारण इंजिनाची खरी दुखणी गार असतानाच कळतात.

ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करा. आतून दुधाळ, चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असावं. जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असा पातळ थर नुसत्या वाफेनेही धरतो, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून तिच्यावरचं ऑइलही दुधाळ आहे का बघा. मग चालू करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय घ्या. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, कळकळीने सांगतोय.

रंगाला भुलू नका. स्टेपनीच्या खळग्यात आणि मॅटखाली गंज शोधा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूवर असतात; 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

घेतल्यावर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, हे घरी जमतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. हे काम मात्र मेकॅनिककडेच द्या.

आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. आधी गाडीला टेकू देणारे जॅक स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मगच खाली जा.