मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो?

तुमचा प्रश्न असा, की मुंबई-न्यूयॉर्क अंतर किती, आणि आईच्या तिकिटावर जायला १६ तास पण यायला साडेचौदाच का.

सरळ अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. विमान ताशी ९००च्या आसपास उडतं, म्हणजे भागाकार १४ तासांचा येतो. जाताना जास्त लागतात ते मुख्यतः वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीवर असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान याच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास सहज जातात. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो असं बरेच जण ठामपणे सांगतात. ते खरं नाही, हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

आता 'सरळ' म्हणजे कुठून? घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशात वाटतं तसा तो अरबस्तान-आफ्रिकेवरून जातच नाही. सौराष्ट्र, कच्छचं रण, पाकिस्तानातलं क्वेट्टा, मग कझाकस्तान, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वे, थेट आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून खाली! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी गोल फिरवत बसलो होतो.

पण आकाशालाही सीमा असतात. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, २०१९ मध्येही काही महिने केली होती. युक्रेन युद्धापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात. मुंबईच्या विमानांना दिल्लीच्या मानाने वळसा कमी पडतो, कारण निघाल्या निघाल्या समुद्र मोकळा मिळतो.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम ४०० किलोमीटरने वाढतं. वेळ जातो तो दुबईच्या विमानतळावर. आई एकट्याच जाणार असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी थेट विमान घ्या, असं मी म्हणेन. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जुलैत मुंबईहून रात्री दीडला निघालेलं विमान १६ तासांनी उतरतं, तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे आठ वाजलेले असतात. साडेसहा तासांचाच प्रवास वाटतो! गोळ्यांच्या वेळा या घड्याळावर ठरवू नका, दोन डोसांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना आधी विचारून आईंच्या पर्समध्ये लिहून ठेवा. परतताना उलटं होतं. तिथून सकाळी ११ ला निघाल्या तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास पोचतील, तेव्हा आणायला जाताना तारीख नीट बघा.