बांधावरच्या झाडांचा पर्यावरणाला होणारा फायदा गावाच्या नकाशावर दाखवता येतो का?

येतो. फक्त सरकारी नकाशा बघून आपल्या शिवारात झाडंच नाहीत असं ठरवू नका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशोबात किमान १ हेक्टरचा पट्टा आणि त्यावर १० टक्के तरी झाडांच्या फांद्या-पानांचं छत्र असेल तरच ते जंगल. बांधावरची एकटी चिंच त्यात उमटणार कुठून? पण आता एकेक झाड टिपता येतं. २०२४ साली कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतातल्या शेतांमधली सुमारे ६० कोटी झाडं उपग्रहचित्रांवरून नोंदवली. २०१८ ते २०२२ या काळात ५० लाखांहून जास्त मोठी झाडं गेली, हेही त्यांनीच दाखवलं.

त्यातलं एक आमचं असेल. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात माझ्या आणि चुलत भावाच्या मधल्या बांधावर आजोबांच्या हातची चिंच होती. दादाचं म्हणणं, सावलीत मसूर येत नाही, आणि एका झाडानं असं काय होतंय? मी टेप घेऊन जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर मोजला. घेरावरून लाकडाचं सुकं वजन, त्याच्या साधारण ४७ टक्के कार्बन, त्याला ३.६७ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइड. आकडा ऐकून दादा म्हणाला, "ते घेऊन काय करायचंय?"

मग त्याला बांध दाखवला. चिंचेच्या मुळांनी धरलेला भाग धो धो पावसातही जागचा हलत नव्हता. पुढं झाडं काढलेल्या ठिकाणी दर पावसाळ्यात खिंडार पडायचं आणि भाताच्या वाफ्यातली माती पाण्याबरोबर खालच्या शेतात जायची. तरी मी बाहेरगावी असताना चिंच वखारीत गेली. आता तिथंही बांध फुटतो. मजुरी लावून भर घालावी लागते, ती मजुरी मात्र दादा कधी धरत नाही.

नकाशासाठी तुम्ही उन्हाळ्यातलं उपग्रहचित्र घ्या. मोकळ्या शिवारात आंबा, जांभळाचे हिरवे घेर ठळक दिसतात. सर्व्हे नंबर कर्नाटक सरकारच्या दिशांक अ‍ॅपवर मिळेल. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते घेर आखा, मग पायी फिरून जात आणि बुंधा नोंदवा. बांध धरलाय का, पोळं-घरटी आहेत का, दुपारी माणसं-जनावरं सावलीला येतात का, यांचे रकाने हवेतच. नुसता कार्बन मोजलात तर निलगिरीची लागण चिंचेला मागं टाकेल, आणि असला नकाशा मी तरी मानणार नाही.

सावलीनं पीक घटतं हे मात्र खरं आहे. मसुराच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून सावली उत्तरेच्या शेतावर पडते. ते नुकसानही लिहा. त्यावर इलाज फांद्या छाटण्याचा, बुंध्याला करवत लावण्याचा नव्हे. आणि झाड दोन शेतांच्या मधल्या बांधावर असेल तर मालकाच्या रकान्यात दोन्ही नावं घाला, म्हणजे एकट्याच्या मर्जीनं कुणी ते तोडणार नाही.