वाचक विचारतात : पॉल न्यूमन

प्रश्न : आमचे काका म्हणतात, हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं सगळं करिअर निळ्या डोळ्यांवर उभं राहिलं. तुम्हाला पटतं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मुळीच नाही. देखणेपणामुळे त्याला हॉलिवूडमध्ये शिरकाव मिळाला, हे कबूल. पण दुसऱ्या महायुद्धात याच डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत म्हणून अमेरिकी नौदलाने त्याला वैमानिक होऊ दिलं नव्हतं. टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानांत तो रेडिओ आणि मशीनगन सांभाळायचा. पुढे येल विद्यापीठात आणि न्यूयॉर्कच्या ॲक्टर्स स्टुडिओत अभिनय शिकला. पहिला चित्रपट 'द सिल्व्हर चॅलिस' (१९५४). आखूड झगा घातलेला पुराणकाळचा कारागीर! तो चित्रपट पुढे टीव्हीवर लागला तेव्हा न्यूमनने पदरचे पैसे घालून वर्तमानपत्रात माफीची जाहिरात दिली. नुसतं छान दिसण्याची त्याला अशी चीड होती.

काकांना 'द व्हर्डिक्ट' (१९८२) दाखवा. बॉस्टनचा, दारूत बुडालेला वकील. भूल देताना झालेल्या चुकीमुळे कोमात गेलेल्या एका बाईची केस त्याच्या हाती येते. तडजोड करायची, पैसे घ्यायचे, मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा हिशेब. रक्कम वाढवून मिळावी म्हणून तो इस्पितळात जाऊन तिचे पोलरॉइड फोटो काढतो. कोऱ्या कागदावर तिचा चेहरा हळूहळू उमटायला लागतो आणि तो थबकतो. इथे ना भाषण, ना अश्रू. समोर माणूस पडलंय हे त्याला कळतं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा धंदेवाईकपणा आपल्या देखत उतरत जातो. मी हा प्रसंग कितीदा पाहिला असेन, दर वेळी घसा दाटतो. त्या वर्षीचं ऑस्कर 'गांधी'साठी बेन किंग्जलेला गेलं. किंग्जलेचं काम थोरच, पण माझा कौल न्यूमनला.

त्याला ऑस्कर मिळालं ते १९८७ साली, अभिनयाच्या सातव्या नामांकनाला. त्याच्या आदल्याच वर्षी मानद ऑस्कर देऊन अकादमी मोकळी झाली होती!

प्रश्न : पन्नास वर्षांचा संसार हॉलिवूडमध्ये कसा काय टिकला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हॉलिवूडमध्ये नव्हे, पार दुसऱ्या टोकाला, कनेटिकटमधल्या वेस्टपोर्ट गावी. त्याची बायको, अभिनेत्री जोअन वुडवर्ड, त्याला १९५३ मध्ये एका ब्रॉडवे नाटकाच्या वेळी भेटली तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं, मुलंही होती. ते लग्न मोडलं आणि जानेवारी १९५८ मध्ये या दोघांनी लास व्हेगासला लग्न केलं. दोनच महिन्यांत जोअनला ऑस्कर मिळालं, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी. पुढे तो दिग्दर्शक झाला तोही तिला मुख्य भूमिकेत घेऊन, 'रेचल, रेचल' (१९६८) मध्ये. बायकोच्या कामाबद्दल त्याला वाटणारा आदर त्या चित्रपटात दिसतो.

मात्र त्यांचं घर दुःखापासून सुटलं नाही. पहिल्या लग्नाचा मुलगा स्कॉट १९७८ मध्ये नशेच्या अतिरेकाने गेला, अवघा २८ वर्षांचा. न्यूमनने त्याच्या नावाने व्यसनमुक्तीचं काम उभं केलं.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या फ्रिजमधल्या सॅलड ड्रेसिंगच्या बाटलीवर ज्याचं चित्र आहे, तो हाच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हाच. नाताळात मित्रांना भेट द्यायला तो घरीच मोठ्या टबात ड्रेसिंग करायचा आणि ते ढवळायला होडीचं वल्हं घ्यायचा. १९८२ मध्ये लेखक-मित्र ए. ई. हॉचनरबरोबर त्याने या ड्रेसिंगची कंपनी काढली. सगळा नफा दानधर्माला द्यायचा, हे तेव्हाच ठरलं. आजवर ५० कोटी डॉलरच्या वर रक्कम अशी वाटली गेली आहे. १९८८ मध्ये त्याने कनेटिकटमध्ये गंभीर आजारी मुलांसाठी शिबिर सुरू केलं. जुन्या काऊबॉयपटातल्या गावासारखी त्याची रचना, आणि मुलांना एक पैसा खर्च नाही. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सर्वात मोठं काम. मुलीला सांगा, बाटली बिनदिक्कत घेत जा.

प्रश्न : त्याचा कुठला चित्रपट आधी पाहू? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : 'द हस्लर' (१९६१). त्यानंतर लगेच 'द कलर ऑफ मनी'. पहिल्यातला तरणाबांड एडी फेल्सन २५ वर्षांनी दुसऱ्यात पुन्हा भेटतो, तेव्हा क्रम उलटा करू नका.