चालतं मशीन यादीत नाही म्हणून भंगारात द्यायचं का?

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा गोषवारा असा. २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप, सातव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मागाहून टाकलेली एसएसडी. मशीन ठणठणीत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ म्हणतं, हा प्रोसेसर आमच्यात बसत नाही. त्यावर एका सदस्यांनी लिहिलंय की तंत्रज्ञान पुढे जाणारच, कंपनीने जुन्याचं ओझं किती दिवस वाहायचं, सरळ नवीन घ्या.

मला त्या दुसऱ्या प्रतिसादावर बोलायचंय. तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. नवीन मशीन विकलं की मलाही चार पैसे सुटतात, तेव्हा जुन्याची वकिली करण्यात माझा धंदा नाही हे आधीच सांगून टाकतो.

मशीन थकणं वेगळं आणि मशीनचं नाव यादीतून कटणं वेगळं. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. कोणते प्रोसेसर चालतील याची मायक्रोसॉफ्टने यादी केली, त्यात इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून सुरू. डेस्कटॉपचे सातव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आले २०१७ च्या सुरुवातीला, म्हणजे जेमतेम पावणेपाच वर्षांचं मशीन पहिल्याच दिवशी बाद. त्याच यादीत सेलेरॉन एन४०२० आहे. दोन कोअर, स्वस्तातल्या लॅपटॉपमधला. ज्यांनी त्यावर विंडोज ११ चालवलंय त्यांना क्रोमचे चार टॅब उघडले की काय होतं हे सांगायला नको. धागाकर्त्यांचा आय-फाइव्ह त्याला केव्हाही मागे टाकेल, पण सेलेरॉनला प्रवेश आहे आणि याला नाही.

बरं, सातव्या पिढीतले सगळेच बाद असंही नाही. कोअर आय-सेव्हन ७८२०एचक्यू नावाचा एक प्रोसेसर मागाहून यादीत घेतला गेला. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या पीसीमध्ये बसवलेला होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

सुरक्षेचं कारण दिलं जातं, ते मी उडवून लावणार नाही. कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, परका कोड घुसू नये म्हणून विंडोज ११ व्हर्च्युअलायझेशनचा (मशीनच्या आतच वेगळा, बंदिस्त कप्पा करण्याचा) आधार घेतं, आणि त्यासाठी प्रोसेसरमध्येच एक सोय असली की काम वेगात होतं; नसली तर तेच सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि मशीन जड चालतं. पण गंमत बघा, इंटेलमध्ये ही सोय सातव्या पिढीपासूनच आहे. उलट एएमडीच्या रायझन २००० मालिकेत ती नाही, तरी ती मालिका यादीत आहे. टीपीएम २.० म्हणाल (विंडोज ११ ला लागणारी, किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय), तर सातव्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांत ते असतं, बायोसमध्ये 'पीटीटी' नावाने झोपलेलं असतं, एवढंच. अटीत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल क्रॅश ५२ टक्के जास्त झाले, असाही आकडा कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. पण त्या ढिगात दहा-बारा वर्षांची मशीनंही आली आणि चार वर्षांचीही. त्याच सुमारास रजिस्ट्रीतली एक नोंद बदलून अपग्रेड करायची वाट कंपनीनेच सांगितली होती. म्हणजे चालतं हे त्यांनाही ठाऊक.

आता ओझ्याबद्दल. ओझं खोटं नसतं. लिनक्स या मोफत, खुल्या सिस्टिमचंच उदाहरण घ्या. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. त्या प्रोसेसरला एक खोड होती: मेमरीचं एखादं पान 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून राखलं, तरी कर्नल स्वतः तिथे लिहायला गेला की हा अडवायचाच नाही. त्यामुळे लिहिण्याआधी वेगळी तपासणी घालावी लागे. शिवाय 'आधी ताडून बघ, मगच बदल' हे एका दमात करणारी सूचना त्यात नव्हती, तिच्यासाठी आणखी वेगळा कोड. एकापेक्षा जास्त कोअरच्या जमान्यात दर वेळी कोणी काही सुधारायला गेलं की ही खोड आडवी यायची. डिसेंबर २०१२ मध्ये तो सपोर्ट काढला गेला आणि ३.८ कर्नलपासून ३८६ बंद. ज्या मशीनवर लिनक्स जन्मलं त्याच्यासाठी लिनसने डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. मला ते पटलं. १९८५ चा प्रोसेसर, लिनक्सने २१ वर्षं सांभाळला, काढताना नेमकं काय अडतंय ते उघड सांगितलं, आणि ज्याला हवा त्याला जुना कर्नल सोर्ससकट मोकळा आहे.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. इंटेलचा इटॅनियम, मोठ्या सर्व्हरसाठीचा महागडा प्रोसेसर. त्याची विक्री २०२१ पर्यंत चालू होती. लिनक्सने तो जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमधून काढून टाकला, कारण त्याच्या कोडकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. आणि मोटोरोलाचं ६८के प्रोसेसरचं घराणं, म्हणजे जुने अमिगा, अटारी, मॅक या कॉम्प्युटरांतलं, त्याचा सपोर्ट तेव्हाही शाबूत राहिला. १९८४ चा ६८०२० चालतो, आणि २०२१ पर्यंत विकला जाणारा इटॅनियम चालत नाही! अमिगावाल्यांमध्ये अजून हौसेने पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) तपासणारी माणसं आहेत, इटॅनियमला तशी मिळाली नाहीत.

म्हणून 'जुनं आहे, टाकून द्या' हा हिशेब मला कच्चा वाटतो. सांभाळायला कोणी आहे का, हा खरा प्रश्न. आणि कुलूपबंद सिस्टिममध्ये घोडं नेमकं तिथेच अडतं. माझ्यासारखे दहा हजार दुकानदार सातव्या पिढीची मशीनं तपासून द्यायला उद्या तयार झाले, तरी आम्हाला हात घालायला जागाच नाही. किल्ली ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची. माझं मागणं फार मोठं नाही. हमी देऊ नका. 'या मशीनवर काही बिघडलं तर आम्ही बांधील नाही' अशी ठळक सूचना दाखवा, हवं तर दोनदा दाखवा. पण खाली 'पुढे चला' बटण ठेवा. आणि वापरणारे कोट्यवधी असताना सुरक्षेचे पॅच तरी थांबवू नका, कारण पॅच नसलेलं मशीन फक्त मालकालाच नाही, आख्ख्या नेटवर्कला त्रास देतं. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज केला होता की या एका निर्णयाने २४ कोटी पीसी कचऱ्यात जाऊ शकतात. त्यातली किती आपल्याकडे 'रिफर्बिश्ड' म्हणून येऊन पडतात ते बघूच.

सपोर्टचा धागा एकदा तुटला की काय होतं ते मी माझ्या एका मित्राच्या छापखान्यात बघतो. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकाची पानं. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचा डाँगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावलेला आणि हलू नये म्हणून इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला. मशीन विंडोज एक्सपीवर. डाँगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटवाल्यात तो चढत नाही. नवीन बोर्डावर पॅरलल पोर्टही नसतो. फाइल दुसरीकडे उघडली की 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. इंटरनेटची वायर मी स्वतः काढून ठेवलीय, फाइली पेन ड्राइव्हने बाहेर येतात. त्या मशीनची हार्ड डिस्क मी तीनदा क्लोन केली. चौथ्यांदा आयडीई म्हणजे जुन्या जोडणीची डिस्क कुठून आणणार, हे मित्र दर दिवाळीला विचारतो.

आता धागाकर्त्यांसाठी. लगेच नवीन घेऊ नका. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर अपडेटच्या सेटिंगमध्ये वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसेल. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग बॅकअप चालू ठेवलं तर पैसे पडत नाहीत. तेवढ्या अवधीत लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच घरगुती वापरासाठीचा एक सोपा प्रकार, पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत आलेलाच असतो. टॅली किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर मात्र घाई करू नका, ते आधी तपासा. माझे दोन गिऱ्हाईक टोकनपायी परत विंडोजवर आले. प्रिंटरचं पानही एकदा काढून बघा.

आणि एक. कॅबिनेट उघडाल तेव्हा पंख्यावरची धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. २०१७ चा असेल तर संपत आला असेल. तो संपला की बंद केल्यावर तारीख मागे जाते, मग सुरक्षित साइटी उघडत नाहीत, आणि बायोसही मूळ सेटिंगवर गेलं की चालू केलेलं पीटीटी पुन्हा बंद. गेल्या महिन्यात एक काका 'मशीन म्हातारं झालं, बँकेची साइटच उघडत नाही' म्हणून नवीन लॅपटॉपचे भाव विचारायला आले होते. मशीन २००९ सालात जाऊन बसलं होतं. सेलचे ३० रुपये घेतले.