‘प्रीती कर’ की ‘प्रीती करत जा’?

एका वाचकानं विचारलंय: ‘यहुद्यांच्या रोजच्या प्रार्थनेत “तू आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने व पूर्ण शक्तीने प्रीती कर” असं वाक्य येतं. प्रीती अशी सांगून होते का, की मराठी भाषांतरातच काही घोटाळा आहे? “भक्ती” हा घरचा शब्द हाताशी असताना “प्रीती” का घेतला? आणि जाता जाता, तो “प्रीति” लिहावा की “प्रीती”?’

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो शेवटी घेतो.

हे वाक्य तोराच्या, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या पुस्तकातलं. मराठी बायबलात त्या पुस्तकाचं नाव ‘अनुवाद’ आहे, आणि पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा ‘कशाचा अनुवाद?’ म्हणून मी मुखपृष्ठ उलटून पाहिलं होतं. इथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे. आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं, हा त्याचा संस्कृतातला जुना अर्थ. मरणाआधी मोशे, इस्राएलांचा पुढारी, सगळं परत एकदा बजावतो, म्हणून ‘अनुवाद’. भाषांतर करणाऱ्यानं हे नाव फार विचारानं ठेवलंय असं माझं मत.

प्रार्थना सुरू होते ‘शमा इस्राएल’ या शब्दांनी: ऐक, इस्राएला. त्यावरून तिचं नावच ‘शमा’. ‘शमा’ हे चोख आज्ञार्थी रूप. पण पुढच्याच ओळीतलं ‘वेआहाव्ता’ आज्ञार्थी नाही, आणि घोटाळा म्हणायचाच तर तो इथे आहे. नुसतं ‘आहाव्ता’ म्हणजे ‘तू प्रेम केलंस’. त्याच्या पुढे ‘वे’ लागला की जुन्या हिब्रूत काळ पालटतो: ‘आणि तू प्रेम करशील’. उच्चारातही फरक पडतो. भूतकाळात जोर ‘हाव्’वर, इथे तो सरकून शेवटच्या ‘ता’वर जातो, नीट म्हणणारा माणूस तिथे आघात देतोच.

असा भविष्यकाळ आपणही वापरतो. ‘पोचलास की फोन करशील.’ ‘येताना कोथिंबीर आणशील.’ आईच्या तोंडचं हे वाक्य हुकूम आहे का? व्याकरणाला विचाराल तर नाही. कोथिंबीर न घेता घरी जाऊन बघा, मग कळेल.

आता त्याच दमात पुढे काय काय येतं ते पाहा. ही वचनं मुलांच्या मनावर ठसव. घरात बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोल. हाताला खूण म्हणून बांध. दाराच्या चौकटीवर लिही. हिब्रूत ही सगळी क्रियापदं ‘वेआहाव्ता’सारखीच, एका साच्यातली. म्हणजे प्रेम करणं, बोलणं, बांधणं, लिहिणं ही एकाच यादीतली कामं. मराठीत ‘प्रीती कर’ म्हटलं की ते एकदा करून मोकळं व्हायचं काम वाटतं, ‘दार लाव’सारखं. आपल्याकडे रोजच्या कामासाठी वेगळी सोय आहे: औषध घेत जा, जरा चालत जा, बहिणीला फोन करत जा. हे ‘-त जा’ मूळ क्रियापदात दडलेलं नाही, पण ‘निजताना, उठताना’ हा संदर्भ ते मागतो. माझ्यापुरतं मी ‘प्रीती करत जा’ असंच वाचतो.

तुम्ही विचारलेला प्रश्न जुन्या यहुदी पंडितांनाही पडला होता. ‘सिफ्रे’ नावाच्या प्राचीन भाष्यात साधारण असं म्हटलंय: प्रीती कर म्हणालास खरं, पण कशी करायची ते मला कुठे ठाऊक? म्हणून पुढची ओळ आली की ही वचनं तुझ्या हृदयावर असू देत. आधी वचनं, मग प्रीती. उलट नाही.

म्हणूनच की काय, इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा संग्रह, उघडली तर पहिलंच वाक्य प्रेमाबद्दल नाहीच, घड्याळाबद्दल आहे: संध्याकाळी शमा केव्हापासून म्हणायचा? मग मतभेद. रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत, मध्यरात्रीपर्यंत, पहाट फुटेपर्यंत. रब्बान गमलिएल या धर्मपंडिताचे मुलगे एकदा मेजवानी झोडून उशिरा घरी आले आणि म्हणाले, शमा म्हणायचा राहिला. बापानं सांगितलं, अजून उजाडलं नाही ना? मग म्हणा. सकाळच्या शमाची वेळ तर याहून गोड: निळा आणि पांढरा रंग वेगळे ओळखू यायला लागले की. त्यावर रब्बी एलिएजर म्हणतो, निळा आणि पातीच्या भाजीचा हिरवा. म्हणजे बरंच जास्त उजाडायला हवं. याच मिश्नेत नवऱ्या मुलाला पहिल्या रात्री शमा माफ आहे, चित्त थाऱ्यावर नसतं म्हणून. एका प्रेमापायी दुसऱ्यातून सूट.

सकाळच्या प्रार्थनेत तेफिलीन बांधतात. चामड्याच्या छोट्या काळ्या डब्या, आत चर्मपत्रावर लिहिलेली वचनं. एक डबी डाव्या दंडावर, तिचा पट्टा कोपराखाली सात वेढे घालत मनगटापर्यंत. दुसरी कपाळाच्या वर, केसांच्या रेषेपाशी. मग उरलेला पट्टा हाताच्या मधल्या बोटाभोवती तीन वेळा गुंडाळायचा, आणि गुंडाळताना होशेय संदेष्ट्याचे शब्द म्हणायचे: मी तुला सदासर्वकाळासाठी माझी वाग्दत्ता करीन. हिब्रू क्रियापद ‘एरास्तिख’, थेट वाङ्निश्चयाचं. अंगठी घालावी तसा पट्टा बोटावर, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सण सोडून रोज सकाळी. साखरपुडा एकदाच होतो असं आपण समजतो.

आता ‘भक्ती’ का नाही? ‘भक्ती’ भज् धातूपासून. वाटून घेणं, वाटेकरी होणं हा त्याचा मूळ अर्थ, पुढे सेवा, उपासना. हिब्रूत त्या जागेचा शब्द आहे ‘अवोदा’: सेवा, काम, मंदिरातली उपासना, सगळं त्यात आलं. अवोदाला भक्ती म्हणा, कोणी हरकत घेणार नाही. पण ‘आहावा’, म्हणजे ‘वेआहाव्ता’तलं प्रेम, हा देवासाठी राखून ठेवलेला शब्द नाहीच. तोरात हे क्रियापद पहिल्यांदा येतं ते बापाच्या मुलावरच्या प्रेमासाठी: ‘तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रेम करतोस’, असं देव अब्राहामाला म्हणतो. मग म्हातारा, आंधळा झालेला इसहाक थोरल्या मुलाला, एसावाला, सांगतो, मला आवडतं तसं चमचमीत रांधून आण. तिथेही तेच क्रियापद! याकोब राहेलीसाठी सात वर्षं राबतो आणि ती त्याला चार दिवसांसारखी वाटतात, कारण तिच्यावरचं प्रेम. तोही तोच शब्द. रस्सा, बायको, मुलगा आणि देव एकाच क्रियापदात मावतात. ‘भक्ती’त रस्सा मावत नाही. ‘प्रीती’त निदान मुलगा आणि बायको मावतात, म्हणून निवड बरोबर. ‘आवड’ खरं तर आणखी जवळचा शब्द, पण तो आज हलका झालाय, आवडीची भाजी आणि आवडता नट यांच्या पंगतीत बसलाय.

‘पूर्ण शक्तीने’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. मूळ शब्द ‘मेओद’, आणि तो एरवी ‘फार’ या अर्थाचं क्रियाविशेषण म्हणून येतो. ‘तोव मेओद’ म्हणजे फार चांगलं. इथे अक्षरशः ‘तुझ्या सगळ्या “फार”नं’ असं म्हटलंय. नाम म्हणून हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलात दोनदाच येतो, इथे आणि योशिया राजाच्या वर्णनात. मिश्नेत त्याचा अर्थ केलाय ‘तुझ्या सगळ्या पैशानिशी’. मनाबद्दल तिथे म्हटलंय की चांगली आणि वाईट अशा दोन्ही ओढींनिशी, आणि जिवाबद्दल, देव तुझा जीव घेत असला तरी. मराठी कानाला लगेच ‘तनमनधन’ आठवेल. जीव सांगितल्यावर पैसा वेगळा कशाला, असं तल्मूदात, म्हणजे मिश्नेवरच्या पुढच्या चर्चाग्रंथात, विचारलंय. उत्तर: काहींना पैशापेक्षा जीव प्यारा असतो, तर काहींना जिवापेक्षा पैसा. दुसऱ्या जातीचं उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतं. आणि जिवाच्या बाबतीत खुद्द रब्बी अकिवाची गोष्ट आहे. रोमनांनी लोखंडी फण्यांनी त्याचं अंग सोललं ती वेळ नेमकी शमाची होती, आणि शमाच्या पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे (देव) ‘एक’, लांबवत लांबवत त्यानं प्राण सोडला.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या शनवार तेल्यांना, बाहेरच्या यहुद्यांशी संबंध येण्याआधी हिब्रू फारशी येत नव्हती. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शमाची ओळ एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं, असं परंपरा सांगते. ठाण्यात आमच्या खालच्या मजल्यावर असंच एक कुटुंब होतं. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी ठोकलेली बोटाएवढी नळी, तिचं नाव मेझुझा. आत चर्मपत्रावर हीच वचनं. घरातल्या आजी भाजीची पिशवी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताची बोटं नळीला टेकवायच्या आणि ओठांना लावायच्या. जाताना, येताना, गॅस बंद केला का बघायला परत आत जातानाही. लहानपणी मी विचारलं, ‘आजी, कंटाळा नाही येत?’ त्या म्हणाल्या, ‘येतो की. हाताला येत नाही.’

विभक्तीची एक गंमत सांगायचीच आहे. हिब्रूत देवावर प्रेम करताना ‘एत’ लागतो, थेट कर्माचा. शेजाऱ्यावर ‘स्वतःसारखी प्रीती कर’ म्हणताना मात्र ‘ले’ लागतो, आपल्या ‘ला’ किंवा ‘साठी’च्या जवळचा. भाष्यकारांनी त्यावर बरंच लिहिलंय. मराठीत दोन्हीकडे ‘वर’च, त्यामुळे हा फरक पुसला जातो. इलाज नाही.

पण दुसरीकडे मराठी हिब्रूच्याही पुढे जाते. आपल्याला गोडी लागते, लळा लागतो, वेड लागतं. ही सगळी आपोआप होणारी क्रिया. मग ‘लावणे’: जीव लावणे. आणि तिसरं, ‘लावून घेणे’: सवय लावून घेतली, वाचनाची गोडी लावून घेतली. करणाराही मी, ज्याच्यावर परिणाम व्हायचा तोही मीच. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये बसून रामबाम, म्हणजे मायमोनिदेस, देवावरच्या प्रेमाबद्दल लिहितो तेव्हा त्याच्या मनात पहिलं आणि तिसरं दोन्ही आहेत. एके ठिकाणी तो म्हणतो, सृष्टीकडे नीट बघ, विचार कर, म्हणजे प्रेम उपजेल. दुसरीकडे म्हणतो, प्रेमात पडलेल्या माणसाला बसता-उठता, खाता-पिता तीच दिसते, तसं व्हायला हवं. लावून घ्यायला सुरुवात करायची, मग लागतं. ‘प्रीती लावून घे’ असं मराठीत कोणी म्हणत नाही, नाहीतर भाषांतर म्हणून मी तेच सुचवलं असतं.

राहिला शुद्धलेखनाचा प्रश्न. जुन्या छापील पुस्तकांत ‘प्रीति’ सापडेल. आजच्या नियमांप्रमाणे शब्द सुटा असेल तर शेवट दीर्घ, ‘प्रीती’. समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्व: प्रीतिभोजन, प्रीतिविवाह. ‘भक्ती’लाही हाच नियम: भक्ती, पण भक्तिमार्ग.