ताटावरची फुली

पोरी,

रात्री उशिरा आलेला तुझा निरोप वाचला. “मावशी, आईची ताट-वाटी वेगळी करू का? शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात दाखल करू की गावी पाठवू?” कळव्याच्या चाळीतली एक खोली, पाच माणसं, धाकट्याची दहावी. तारांबळ कळते गं. पण ताटाचं विचारलंस तिथे माझा पारा चढला. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताटातून नाही. खिडकी उघडी ठेव, पहिले काही आठवडे आईला मास्क लाव, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घे. ताट वेगळं करू नकोस.

तुझे काका म्हणतात, पूर्वी अशा पेशंटना गावाबाहेर ठेवायचे ते काय उगाच? उगाच नव्हतं, औषधच नव्हतं! रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने टीबीचा जंतू दाखवला १८८२ साली आणि त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. मधली साठ वर्षं मोकळी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती. काहींच्या छातीत सुईने हवा भरून फुफ्फुस मिटवून ठेवायचे, त्यालाही विश्रांती मिळावी म्हणून.

मग १९५६ मध्ये मद्रासला सरळ ताडून पाहिलं. काही रुग्ण आरोग्यधामात: खाट, नर्स, पोटभर चांगलं जेवण. बाकीचे आपापल्या दाटीवाटीच्या घरात, मिळेल ते खाऊन. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरचे जवळपास तितकेच बरे झाले. त्यांच्या घरच्यांनाही त्यापायी जास्त लागण झाल्याचं दिसलं नाही. घरी राहूनही बरं होता येतं, हा निकाल छापून आला १९५९ साली.

आणि माझा दादा आजारी पडला १९७१ मध्ये. बारा वर्षांनी! त्याच्या ॲल्युमिनियमच्या ताटाच्या बुडाला खिळ्याने फुली मारली होती. मी मारली होती. आईने सांगितलं म्हणून. सतराव्या वर्षी मला कोण विचारत होतं? ते ताट तो बाहेरच्या नळावर स्वतः घासायचा. पुढे चौदा महिने दवाखान्यात होता. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा फाटकावर डबा देऊन परतले. बरा होऊन आला, पण आमच्या पंगतीला पुन्हा बसला नाही. “राहू दे गं, सवय गेली,” म्हणायचा.

नंतर मी नर्स झाले, तीस वर्षं छातीच्या वॉर्डात काढली. लोक कौतुक करतात, मी ऐकून घेते.

दवाखान्याला नावं ठेवत नाहीये मी. धाप लागली, खोकल्यातून रक्त पडलं, गोळ्यांनी कावीळ झाली, तर लगेच दाखल कर. पण घरात जागा नाही, लोक काय म्हणतील, म्हणून दाखल करायचं? अजिबात नाही. साध्या टीबीला सहा महिने गोळ्या लागतात. दोन महिन्यांत आईला बरं वाटेल आणि ती गोळ्या टाळू लागेल, तेव्हा तिच्याशी भांड. तुझं भांडण तिथे खर्च कर. महापालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदवलंस की तिचं पासबुकही दे. पोषण आहाराचे महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. आणि ताट? परत विचारू नकोस.

रविवारी येते जेवायला. माझं पान आईच्या शेजारी मांड. काकांनाही बोलाव.

— मावशी